पेठेचा माल आणि परका सूर

चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने बेंगळुरू वसविले तेव्हा दोड्डपेट आणि चिकपेट हे दोन रस्ते एकमेकांना छेदतील अशी आखणी झाली, आणि पुढे शतकभराने, १६३८ मध्ये, हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. रेशमाच्या या बाजारात अस्सल आणि नक्कल यांची पारख हाताच्या स्पर्शाने होते. इंग्रजांची छावणी मात्र १८०९ मध्ये पूर्वेस वेगळी वसली. १९४९ पर्यंत पेठ आणि छावणी यांचा नगरकारभारही वेगळा होता. पाश्चात्त्य सूर येथे प्रथम रुजले ते छावणीत; पेठेशी त्यांचा संबंध जुजबी.

आपल्या मोठ्या शहरांतील तरुणांना ‘हार्ड रॉक’ या संगीताने, म्हणजे विजेच्या गिटारींच्या घनगंभीर गर्जनेने आणि ढोलांच्या जड ठेक्याने, वेड लावले तेव्हाही प्रश्न पेठेतलाच होता. आपले वादक परदेशी ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून गाणी बसवीत. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी वाहवा अधिक. स्वतःचे गीत सुरू केले की श्रोते अस्वस्थ होत आणि ओळखीच्या परदेशी गाण्याची फर्माइश करीत. ध्वनिमुद्रण कंपन्यांचे गणितही चित्रपटगीतांवर बसलेले. मूळ मसुदा आणि त्याची प्रत यांतील भेद आम्हा कचेरीतल्या मंडळींना लवकर कळतो. रसिकांना तो कळावयास बराच काळ लागला.

१९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद निघाला. त्यात महेश तिनईकर गिटार वाजवीत. गायक उदय बेनेगल पुढे येऊन मिळाले. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्या काळी खाजगी दूरचित्रवाहिन्या नव्हत्या. गाणे पसरे ते कॅसेटमधून आणि महाविद्यालयांच्या मैदानांवरून. माझ्या मते या संग्रहावर अमेरिकन वळणाची छाप स्पष्ट आहे, भाषाही इंग्रजीच. तथापि शब्द आणि चाल आपली, हे धाडस त्या दिवसांत लहान नव्हते. ऐकणाऱ्याला प्रथमच निवड करावी लागली: हे आपल्या मुलांचे म्हणून घ्यावे, की परक्याची प्रत म्हणून बाजूला सारावे?

१९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. त्यानंतर वृंदाने नावच बदलले. १९९३ पासून तो ‘इंडस क्रीड’ झाला. हा बदल केवळ पाटीचा नव्हे, कारण १९९५ च्या संग्रहात भारतीय वाद्यांचे सूरही मिसळले गेले. एव्हाना उपग्रह वाहिन्या घराघरांत पोहोचल्या होत्या, आणि ज्या गाण्यांना एकेकाळी मैदानात फर्माइशींशी झुंजावे लागे, त्यांची चित्रफीत आता परदेशी वाहिनीवर दिसू लागली. १९९७ मध्ये वृंद विखुरला. पुढे मंडळी पुन्हा जमली आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह निघाला. तोवर ज्या कॅसेटवर त्यांचे पहिले स्वर फिरले होते, ती बाजारातून उठली होती.