संग्रहालयातील मोट

बारा बलुतेदारांचे दालन मांडणे हे आपल्याकडील संग्रहालयांच्या आवडीचे काम. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयात तर सिमेंटच्या पुतळ्यांतून अख्खे गावच उभे केले आहे. जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत याबद्दल वाद नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे जमवण्याचा ध्यास घेतला नसता, तर त्यांतले कितीतरी भंगारात गेले असते. प्रश्न आहे तो अवजारामागची समाजव्यवस्था दाखवण्याचा. ‘स्वयंपूर्ण खेडे’ हे चित्र १८३० साली मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने रंगवले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी त्याची झाडाझडती घेतली. दालनांत मात्र ते अजून टिकून आहे.

मोटेचेच उदाहरण घ्या. गावातले मेलेले जनावर महाराने ओढून नेले. ढोर जातीच्या कारागिराने कातड्याचे केस चुन्याने काढले, बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कमावले. चांभाराने मोट शिवली. मांगाने घायपाताचा वाख काढून नाडा वळला. सुताराने चाक दिले, लोहाराने कडे. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. पाटाने ते पाणी उसाला जायचे, धन्याच्या घागरीतही पडायचे. कातड्याने पाणी बाटत नसे! ते कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसांनी त्याच विहिरीत घागर बुडवली की मात्र बाटायचे. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर माणसे चालून गेली, त्यामागे अशा हजारो विहिरी होत्या. मोट दालनात आहे. हा विटाळ कोणत्या पेटीत ठेवणार?

आणि ज्या श्रमाला अवजारच नाही त्याचे काय? चावडीचा सांगावा नेणे, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालणे, मयताची वर्दी परगावी देणे, रात्री वेस राखणे. महाराच्या या चाकरीत हातात काठी, बाकी सगळे काम पायांचे. माझ्या पणजोबांची ती काठीसुद्धा घरात कोणी जपली नाही, आणि ते मला समजते. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने या पिढीजात चाकरीला सरकारी शिक्का दिला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

हे कागद काचेखाली मांडायला काही अडचण नाही. काठीशेजारी वतनाचा कायदा ठेवता येईल, रापीशेजारी चांभाराला खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याचे माप. मोटेच्या पाटीवर ती कोणी ओढली, कोणी कमावली, कोणी शिवली हे लिहावे, आणि विहिरीवर कोणाला चढता येत नव्हते हेही.