सगळे सिग्नल एकाच कॉम्प्युटरने का चालवत नाहीत? समजून घ्या वितरित अल्गोरिदम

समोरचा रस्ता रिकामा आणि तरी आपण लाल सिग्नलला ताटकळत उभे, हा अनुभव तुम्हालाही असेल. ठरलेल्या वेळेवर चालणाऱ्या सिग्नलला कुठल्या बाजूला किती गाड्या आहेत हे कळतच नाही.

मग सगळे सिग्नल एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडले तर?

इथे गणित आडवं येतं. एका चौकात दोनच पर्याय धरा: पूर्व-पश्चिम हिरवा किंवा उत्तर-दक्षिण हिरवा. १० चौकांचे मिळून १,०२४ पर्याय होतात. ५० चौकांचे होतात १,१०० लाख कोटींहून जास्त! तेही फक्त एका क्षणाचे.

उपाय काय?

काम वाटून घ्यायचं. प्रत्येक चौक स्वतःचा निर्णय स्वतः घेतो आणि फक्त शेजारच्या चौकांशी बोलतो. यालाच वितरित अल्गोरिदम म्हणतात.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ‘सरट्रॅक’ ही अशी यंत्रणा ९ चौकांत वापरून पाहिली.

ती कशी चालते?

१. कॅमेरे किंवा सेन्सर चौकाकडे येणाऱ्या गाड्या टिपतात.
२. चौकातलाच कॉम्प्युटर कुठली बाजू कधी आणि किती वेळ सोडायची ते ठरवतो.
३. किती गाड्या कधी पुढे निघतील, हे तो पुढच्या चौकाला कळवतो.
४. काही सेकंदांनी हे सगळं पुन्हा नव्याने होतं.

यातली तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची. ती नसेल तर प्रत्येक चौक फक्त आपल्यापुरतं बघेल. मग कोंडी सुटणार नाही, फक्त एक चौक पुढे सरकेल.

फायदा झाला का?

हो. त्या चाचणीत प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी आणि थांबून राहण्याचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटला. शिवाय एका चौकातला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून सगळ्या शहराचे सिग्नल बंद पडत नाहीत.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा

अल्गोरिदम जे मोजतो, तेच सुधारतो. त्याने फक्त गाड्या मोजल्या तर ५० प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची कार त्याच्या लेखी सारखीच. रस्ता ओलांडायला थांबलेली आजी तर हिशेबातच नाही. काय मोजायचं हे मात्र यंत्र नाही, माणसंच ठरवतात.