चोक ओढून बघा

साल १९७९, मे महिना, पहाटेचे साडेपाच. दादरच्या हिंदू कॉलनीत तुम्ही एका फियाटच्या स्टिअरिंगमागे बसला आहात. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून हे नाव चालू आहे, त्याआधी ती प्रेसिडेंट होती. पण बिल्डिंगमध्ये तिला पद्मिनी म्हणणारं कुणी नाही. खाली फियाट उभी असते आणि वरच्या मजल्यांवरून तिच्यावर ओले कपडे झटकायचे नसतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

हात सवयीने खिशातल्या मोबाइलकडे जाईल, जाऊ द्या. सीटबेल्टही शोधू नका. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला आहे. म्हणून तर पुढची सीट सलग आहे आणि तिच्यावर तुम्ही, बायको आणि मधे चिरंजीव असे ऐसपैस मावलात. मागे आई, अण्णा, थोरली लेक आणि हापूसची करंडी. पुण्याला मावशीकडे लग्न आहे.

चोक ओढा. पुरता. आता चावी फिरवा. इंजिन खोकेल, पण घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबत सुटू नका. पेट्रोल जास्त झालं की प्लग ओले होतात, मग बोनेट उघडावं लागतं आणि गॅलऱ्यांमधून सल्ले सुरू होतात. थांबा. पुन्हा फिरवा. लागली! चोक लगेच आत ढकलू नका, सायन येईपर्यंत थोडा थोडा सोडा.

ही गाडी मिळायला किती वर्षं लागली ते अण्णा चेंबूरपर्यंत सांगणार आहेत. दरवेळी त्यात एखादं वर्ष वाढतं, तरी मूळ गोष्ट खरी आहे. कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली कंपनी कुर्ल्याला फियाट बनवते, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसिडर बनते, मद्रासची स्टँडर्ड मागे पडलीय. यातून निवड करायची आणि पैसे भरून नंबराची वाट बघायची. आपल्याकडे गाडीला माया लागते म्हणतात, त्यातली निम्मी माया या वाट बघण्याची असावी, असं मला वाटतं. वाट बघून मिळालेल्या वस्तूत खोड दिसत नाही.

पनवेल मागे पडलं. खोपोलीला वडा-चहा झाला. आता बोरघाट.

१०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सहा माणसं, करंडी, टपावर वळकट्या. चढाला गाडी दुसऱ्यावर येते. एक नजर तापमानाच्या काट्यावर ठेवा. शिंग्रोबाच्या देवळापाशी आई खिडकीतून नाणं टाकते. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याला दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाणं पोचलं नसावं, कारण पुढच्याच वळणावर गाडी दोन आचके देते आणि बंद पडते.

उतरा. मागच्या चाकाला दगड लावा. आजूबाजूला बघा, म्हणजे धीर येईल. फियाट, अँबॅसिडर, एक जुनी डुक्कर फियाट, सगळ्या बोनेट वर करून उभ्या आहेत. तुमच्या गाडीचं पाणी उकळलेलं नाही, म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. चढावर इंजिन तापलं की त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. औषध एकच. बायको न सांगता जुन्या धोतराचं फडकं भिजवून देते. ते पंपावर गुंडाळा. चर्रर्र आवाज येईल. पुन्हा भिजवा. तोवर लेक करवंदं शोधायला जाते, चिरंजीव रस्त्याच्या कडेला बसतात, आणि अण्णा शेजारच्या अँबॅसिडरवाल्याशी ओळख काढतात. तो चक्क आपल्या आळीतल्या जोशांचा साडू निघतो.

इथे थोडं रेंगाळा. पुढचा काळ तुमच्या डोक्यात आहे, त्याचा फायदा घ्या. वरचा तो अमृतांजन पूल १८३० सालचा, तो नीट बघून घ्या; एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो सुरुंगाने पाडणार आहेत. द्रुतगती महामार्ग होईल आणि या वळणावर कुणाला थांबावंसं वाटणार नाही. पण हे अण्णांना सांगू नका. पुण्यात दोन तासांत पोचता येईल म्हटलंत, तर ते तुमच्या कपाळाला हात लावून बघतील.

आता उडी मारू. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली, तेव्हा तुम्ही तिला काडेपेटी म्हणून हसलात. पुढे शेजाऱ्याने घेतली आणि सकाळी चोकबिक न ओढता भुर्रकन निघून गेला, तेव्हा हसणं थोडं कमी झालं.

१९९९. सँट्रो आलीय, टाटांची इंडिका आलीय. चिरंजीव मिळवते झालेत आणि त्यांनी इंडिकासाठी पैसे भरलेत. पार्किंग एकच. फियाटसाठी गिऱ्हाईक आलंय, कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरचा मेकॅनिक. जिथे ती बनली तिथून हाकेच्या अंतरावर तिचे भाग सुटे होणार. टॅक्सीवाल्यांना दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स लागतातच. तुम्हाला ठाऊक आहे, शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली जाईल आणि वीस वर्षं धावेल. या माणसाचा धंदा अजून बराच चालायचाय. सांगितलंत तर भाव वाढवून मागता येईल, पण तुम्ही फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्यात गुंतला आहात.

सह्या झाल्या तरी चावी हातातून सुटत नाही. त्याला काही सांगायचं राहिलंय.

"पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत—"

"ओल धरते. कोरडी पुसायची."

"मागचा डावा दरवाजा—"

"उचलून लावायचा."

"आणि घाटात—"

"पंपावर फडकं. साहेब, सगळ्यांचं हेच असतं."

इतकी वर्षं जी गुपितं तुमची आणि तिची म्हणून जपलीत, ती याला एका दमात पाठ. त्याने नोटा मोजून दिल्या, चोक ओढला आणि पहिल्याच फटक्यात गाडी चालू केली. तुमच्या हातून ती कधी अशी लागली नव्हती. तुम्ही खिडकीतून आत हात घालून कॅसेट प्लेअरची वायर चाचपायला लागलात, तसा तो म्हणाला, "कॅसेट काढून घ्या. प्लेअर राहू द्या, तो पैशात धरलाय."