साहेबाचा बंगला, मावळची चूल

सन १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर चढू लागली. साहेबलोक व मुंबईचे धनिक हवापालटासाठी लोणावळ्यास येऊ लागले; उतरत्या कौलांचे, रुंद व्हरांड्यांचे बंगले उभे राहिले. अशा बंगल्यांचा मुदपाकखाना बहुधा मागे, वेगळा असे. धूर आणि आगीचे भय मालकापासून दूर राही. भर पावसात ताटे सांभाळीत धावणारा नोकर मात्र कुणाच्या खिजगणतीत नसे!

शेजारच्या मावळी घरात चूल आतच. आषाढ-श्रावणात तिच्या उबेने घर कोरडे राही. धुराने वाशांना कीड लागत नसे.

आज असे जुने बंगले नव्याने राहते करताना मधली भिंत काढून स्वयंपाकघर आत आणतात. दिवाळीच्या फराळाला सारे घर मावेल एवढे ते ऐसपैस असावे. परंतु छपराचा भार तोलणारी भिंत आधी ओळखावी. चुन्यातल्या जुन्या दगडकामावर सिमेंटचा गिलावा चढवू नये. ओल आत कोंडते. तेथे चुनाच हवा.

दीड शतकाचा फेरा घेऊन साहेबाच्या बंगल्याने अखेर मावळच्या घराचाच कित्ता गिरविला म्हणावयाचा!