न्यूटनचा लांबट ठिपका आणि पार्डीजची शंका

प्रकाशाचे अपवर्तन शिकवताना आपण फळ्यावर एक रेघ काढतो, काचेपाशी ती वाकवतो आणि कोन मोजायला लावतो. रेघेला जाडी नसते; खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या शलाकेला मात्र असते. शलाका वाकताना तिच्या रुंदीचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे वर्गात सहसा निघत नाही. इतिहासात तो एकदा निघाला होता, आणि न्यूटनचा रंगांचा सिद्धांत टिकणार की नाही हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

आधी रुंदीचे गणित पाहू. तिरपी शलाका काचेवर पडली की पृष्ठभागावर उजेडाचा एक पट्टा उमटतो. हवेतील आणि काचेतील शलाका, दोन्ही याच पट्ट्याला टेकलेल्या असतात. काचेत किरण स्तंभिकेकडे झुकतात, म्हणजे आतली शलाका कमी तिरपी असते. पट्टा तोच, तिरपेपणा कमी. म्हणून आतली शलाका अधिक रुंद. आपाती कोन ६० अंश आणि काचेचा अपवर्तनांक १.५ असेल, तर १ सेंटिमीटरची शलाका काचेत सुमारे १.६ सेंटिमीटर होते. समांतर बाजूंच्या चिपेतून बाहेर पडताना ती पुन्हा १ सेंटिमीटर होते. लोलकाच्या बाजू समांतर नसतात. तिथे ही परतफेड पूर्ण होईलच असे नाही.

आता इंग्लंडकडे वळू. ६ फेब्रुवारी १६७२ या तारखेचे न्यूटनचे पत्र रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापले गेले. न्यूटन तेव्हा २९ वर्षांचा होता. खिडकीच्या झडपेला पाडलेल्या पाव इंचाच्या भोकातून ऊन घेऊन त्याने ते लोलकातून २२ फुटांवरच्या भिंतीवर पाडले होते. रंग पाहून त्याला गंमत वाटली, पण तो चकित झाला तो आकार पाहून. ठिपका गोल यायला हवा होता. आला सव्वातेरा इंच लांब आणि जेमतेम अडीच-पावणेतीन इंच रुंद. भोकाचा पाव इंच वजा केला तर भोकापाशी रुंदीचा कोन ३१ मिनिटे भरतो (१ अंश म्हणजे ६० मिनिटे). आकाशात सूर्यबिंब एवढेच दिसते. लांबीचा कोन मात्र २ अंश ४९ मिनिटे, म्हणजे पाचपटीहून जास्त! न्यूटनचा निष्कर्ष असा, की उन्हात निरनिराळ्या प्रमाणात वाकणारे किरण मुळातच मिसळलेले असतात.

पॅरिसच्या क्लेरमाँ महाविद्यालयात शिकवणाऱ्या इन्यास पार्डीज या जेझुइट गणितज्ञाने हे वाचले आणि शंका काढली. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. त्याच्या दोन कडांकडून येणारे किरण लोलकावर अर्ध्या अंशाच्या फरकाने पडतात. मग तेवढ्यानेच ठिपका लांबट होणार नाही कशावरून? त्यासाठी नवा सिद्धांत कशाला?

शंका फुकाची नव्हती. आपणच हिशोब करून पाहू. ६० अंशांचा, १.५ अपवर्तनांकाचा लोलक घ्या. एक किरण ३० अंशांनी आणि दुसरा साडेतीस अंशांनी पाडा. पहिला सुमारे ७७.१ अंशांनी बाहेर येतो, तर दुसरा ७५.६ अंशांनी. अर्ध्या अंशाची फाक दीड अंशाची झाली, म्हणजे तिप्पट. आणि त्याच वेळी शलाकेची रुंदी एकतृतीयांश झाली. लोलकाच्या दोन्ही बाजूंना हवा असताना एकाच रंगासाठी रुंदी आणि फाक यांचा गुणाकार असाच कायम राहतो: एक घटली की दुसरी वाढते. लोलक असा ठेवला तर एकाच रंगाचा ठिपकाही लांबट येईल.

न्यूटनचे उत्तर लोलकाच्या ठेवणीत होते. आत शिरताना आणि बाहेर पडताना किरण सारखेच वाकतील अशा बेताने त्याने लोलक फिरवून ठेवला होता. आज आपण याला लघुतम विचलनाची स्थिती म्हणतो. या स्थितीत पहिल्या पृष्ठभागाने वाढवलेली रुंदी दुसरा पृष्ठभाग तेवढीच घटवतो. शलाकेची रुंदी बदलत नाही, फाकही नाही. अर्धा अंश आत गेला तर अर्धा अंशच बाहेर येतो. पत्रात आणखी एक पडताळा होता. लोलक चार-पाच अंश मागेपुढे फिरवला तरी भिंतीवरचे रंग जागचे फारसे हलले नव्हते. मग सूर्याच्या अर्ध्या अंशाने पावणेतीन अंशांचा ताण कसा पडेल?

पार्डीजने न्यूटनच्या सिद्धांताला 'गृहीतक' म्हटले होते, आणि तो शब्द न्यूटनला लागला. पार्डीजने त्याबद्दल दिलगिरी कळवली. उरलेल्या शंका विचारल्या आणि उत्तरे पटल्यावर समाधान झाल्याचे मोकळेपणाने लिहिले. पुढच्याच वर्षी, १६७३ मध्ये, तो वारला. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव नसते. पण न्यूटनच्या ठिपक्याचा लांबटपणा रंगांमुळेच आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडले गेले त्यात त्याच्या शंकेचा वाटा आहे.

न्यूटनने जो परिणाम कटाक्षाने टाळला, तोच आज मुद्दाम वापरला जातो. लेसर डायोडची शलाका आडवी-उभी सारखी नसते, लंबगोल असते. दोन लोलक तिरपे ठेवून तिची एकाच दिशेतील रुंदी बदलतात आणि ती गोल करून घेतात.

वर्गात हे करून पाहण्यासाठी विजेरीपुढे १ सेंटिमीटरची फट असलेला पुठ्ठा धरा आणि शलाका कागदावर ठेवलेल्या काचेच्या चिपेवर तिरपी पाडा. शलाकेच्या दोन्ही कडा पेन्सिलीने आखून घ्या. रुंदी काचेच्या कडेवर मोजू नका, शलाकेला काटकोनात मोजा. मग लोलक घ्या, फटीवर लाल जिलेटिन लावा आणि लोलक सावकाश फिरवा. बाहेर आलेली शलाका कुठे अरुंद होते, कुठे रुंद होते आणि कुठे आली तेवढीच राहते, ते मुलांनाच शोधू द्या. त्या तिसऱ्या जागी विचलनही मोजायला सांगा.