दोन घरांचं साल

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिएबल’ म्हणून एक गोष्ट असते. मराठी पुस्तकांत तिला ‘चल’ म्हणतात. बदलणारी किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, एवढाच तिचा अर्थ. आपल्या गटाच्या वहीत ‘शिल्लक’ हा रकाना असतो ना? दर महिन्याला आकडा बदलतो, रकान्याचं नाव तेच राहतं. तसंच हे. पण असल्याच एका रकान्यापायी 1999 च्या शेवटच्या रात्री जगभरातल्या बँका आणि सरकारी कचेऱ्यांत माणसं जागत बसली होती. ती गोष्ट आज सांगतो.

सुरुवात एका गणिताच्या प्राध्यापिकेपासून करावी लागेल. ग्रेस हॉपर, जन्म 1906, न्यू यॉर्क. येल विद्यापीठातून 1934 मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली आणि वासार या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकी नौदलात गेल्या. 1944 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क वन या अगडबंब गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. पुढे त्या युनिव्हॅक नावाचा संगणक बनवणाऱ्या कंपनीत आल्या.

त्या काळी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे नुसत्या आकड्यांचा खेळ. संगणकाची स्मृती म्हणजे नंबर घातलेल्या खणांची रांग. अमुक नंबरच्या खणातला आकडा तमुक खणातल्या आकड्यात मिळव, अशी भाषा. कोणत्या खणात पगार आणि कोणत्या खणात कापलेला कर, हे लिहिणाऱ्यानेच ध्यानात ठेवायचं. मधे एक ओळ वाढवली की पुढचे पत्ते सरकायचे आणि सगळं परत तपासावं लागायचं. हॉपरबाईंच्या मनात आलं, हे हमालीचं काम यंत्रच का करणार नाही? 1952 च्या सुमारास त्यांनी ए-झिरो हा प्रोग्रॅम तयार केला. टेपवर ठेवलेले हिशेबाचे तयार तुकडे तो गोळा करून एकत्र जोडायचा. इंग्रजीत गोळा करून रचण्याला ‘कंपाइल’ म्हणतात, तिथून ‘कंपायलर’ हे नाव आलं. आज आपण कंपायलर म्हणतो तो भाषांतरकार असतो. माणसाने लिहिलेला अख्खा प्रोग्रॅम तो यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि मगच काम सुरू होतं.

1957 मध्ये आयबीएम कंपनीची फोरट्रान भाषा आली, ती शास्त्रज्ञांच्या गणितासाठी. तीत चलाचं नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं. हॉपरबाईंचं लक्ष मात्र दुकानदारी, पगार, विमा असल्या हिशेबांकडे होतं. कारकुनालाही वाचता येईल अशा इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहावा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेत चलांचं वर्णन एकीकडे आणि त्यांच्यावर करायच्या कामाच्या सूचना दुसरीकडे, अशी वाटणी झाली. 1959 मध्ये मेरी हॉज या बाईंनी सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच धंद्याची भाषा हवी, हा विषय लावून धरला. त्यातून कोबोल जन्माला आली. पुष्कळ ठिकाणी हॉपर यांनाच कोबोलची आई म्हटलेलं दिसतं. पाया त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता हे खरं, पण मेरी हॉज, जीन सॅमेट आणि समितीतल्या इतरांचं श्रेय त्यात बुडतं, ते आम्हाला पटत नाही.

कोबोलमध्ये कामाच्या सूचना लिहिण्याआधी सगळे रकाने आखून द्यावे लागतात. नाव काय, आत अंक बसणार की अक्षरं आणि किती. एका अंकाच्या जागी 9 लिहायचा, कोणत्याही अक्षराच्या जागी एक्स. 99 लिहिलं तर दोनच अंक मावणार. कंपायलर भाषांतर करताना स्वतःजवळ एक यादी ठेवतो. अमुक नावाचा रकाना, एवढा रुंद, अमुक खणापासून सुरू. भाषांतर झालं की यंत्राच्या भाषेत फक्त खणांचे पत्ते उरतात. नाव माणसासाठी होतं, त्याचं काम संपलं.

आता गंमत बघा. कोबोलने चलाचं नाव तीस अक्षरांपर्यंत लांब ठेवायची मुभा दिली, कारण चालत्या प्रोग्रॅममध्ये नावाला जागाच लागत नाही. आतल्या किमतीला मात्र लागते, आणि तीही दर नोंदीत. 1959 मध्ये आलेल्या आयबीएम 1401 च्या सर्वात लहान नमुन्यात 1,400 अक्षरांची स्मृती होती. माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर असायची, एका कार्डावर 80 अक्षरं. एक लाख ग्राहकांच्या नोंदीत सालातले 19 गाळले की दोन लाख अंक वाचले, म्हणजे अडीच हजार कार्डांची जागा. म्हणून 1965 साल नुसतं 65 लिहिलं गेलं. त्या लोकांना वेड्यात काढणं सोपं आहे. पण आपणही पावतीवर साल दोन अंकीच लिहितो की!

अडचण 2000 साली येणार होती. 99 मध्ये एक मिळवला की शंभर होतात, पण दोनच घरं असल्यामुळे उरतं 00. मग वय कसं काढणार? 00 मधून 65 वजा केले की उणे 65. रकान्यात उणे चिन्हाची सोय नसेल तर ते चिन्ह गळतं आणि उरतात 65. म्हणजे पस्तीस वर्षांची बाई कागदोपत्री पासष्टीची! बॉब बीमर यांनी 1971 मध्येच लिहून इशारा दिला होता. पण आपला प्रोग्रॅम तीस वर्षं टिकेल असं कुणाला वाटत होतं?

मग दोनाची चार घरं करायला एवढा खटाटोप का? कागदाच्या वहीत समासात लिहून भागतं. इथे रकान्याची रुंदी आधीच ठरलेली. तो रुंदावला की त्यापुढचा प्रत्येक रकाना सरकतो. जुन्या मापाने लिहिलेल्या सगळ्या नोंदी नव्याने लिहायच्या आणि त्या वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचा. काही ठिकाणी तर माणसाने लिहिलेला मूळ मजकूरच हरवलेला. उरलं होतं फक्त यंत्राचं भाषांतर, ज्यात नावं नाहीत.

ठरलेल्या रुंदीचा त्रास आपल्याला नवा नाही. आमच्या भागातल्या एका गटाचं नाव बँकेच्या पासबुकावर ‘...महिला ब’ एवढ्यावरच तुटलं. पूर्ण नावाचा धनादेश परत आला, आणि ‘चत गट’ ही चार अक्षरं कुठे गेली हे समजावण्यात बायांचे तीन दिवसांचे रोज बुडाले.

2000 च्या दुरुस्तीचं खूप काम भारतात आलं. अमेरिकेत कोबोल शिकणारे कमी झाले होते. मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नईच्या कंपन्यांत मुलामुलींनी परक्या बँकांचे जुने प्रोग्रॅम ओळीओळीने चाळले. 1 जानेवारी 2000 उजाडला आणि फारसं काही बिघडलं नाही. लगेच लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला. घर झाडलेलं असलं की झाडणारी दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

सगळीकडे चार घरं केली असंही नाही. कितीतरी ठिकाणी पन्नासच्या आतलं साल 2000 नंतरचं आणि वरचं 1900 नंतरचं, असा तोडगा काढून दोनच घरं ठेवली. शिवाय वेळ मोजायची आणखी एक रीत आहे. अनेक संगणक 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या चलाला 32 बिटांची जागा दिलेली आहे, आणि त्यात 2,147,483,647 पेक्षा मोठा आकडा मावत नाही. हा रकाना भरेल 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्या घड्याळात सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं आणि सात सेकंद झाले असताना.