जीपीएसचा आठवडा आणि ट्रॅकरचे फर्मवेअर

२२ ऑगस्ट १९९९ च्या सकाळी जपानमधले अनेक जुने कार नॅव्हिगेटर बिघडले. कारण साधे होते: जीपीएस उपग्रह आठवड्याचा क्रमांक १० बिटांत पाठवतात, म्हणून १०२३ नंतर पुन्हा शून्य येते. जपानी वेळेनुसार ते ७ एप्रिल २०१९ ला दुसऱ्यांदा आले. पुढचे २१ नोव्हेंबर २०३८ ला.

फर्मवेअर जुने असेल, तर सामानावरचा ट्रॅकर १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागची तारीख दाखवू शकतो. मग जागा बरोबर असूनही हरवलेल्या सामानाचा माग लागत नाही.

अपडेट करताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी. यंत्र मध्येच बंद करू नये. नंतर ते मोकळ्या आकाशाखाली ठेवा. सर्व उपग्रहांची ढोबळ माहिती उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. मग आधी तारीख तपासा, नकाशा नंतर!